चाराला एक

माझं काम काय होतं असं कुणी विचारलं की मी सांगते, शाब्दिक उदाहरणं सोडवायला शिकवायचे. समोरचा हसतो. शाळेत ज्या उदाहरणांनी आपल्याला रडवलं, ते दोन नळ आणि ती एक टाकी, त्यांच्यासाठी कारखान्यात कुणी वेगळी बाई नेमेल हे त्याला खरं वाटत नाही.

मी मूळची सांगलीची. बी.एस्सी., बी.एड. लग्न होऊन चेन्नईला आले, अंबत्तूरला राहिले. ओरगडमच्या एका कारखान्यात प्रशिक्षण विभागात गणित शिकवायला बाई हव्या होत्या, तिथे लागले आणि सोळा वर्षं राहिले. मोटारींचे सुटे भाग करणारा कारखाना. पहाटे कंपनीची बस यायची, दीड तासाचा रस्ता, आठला वर्ग सुरू. वर्गात बारावी झालेल्या खेड्यांतल्या मुली, अठरा-एकोणीस वर्षांच्या. सहा महिने शिकायचं, शेवटी परीक्षा. पास झाली ती कायम होऊन लाइनवर जायची. नापास झाली ती त्याच आठवड्यात हॉस्टेल सोडून, ट्रंक घेऊन गावी.

कारखान्यातलं गणित अवघड नसतं. अपूर्णांक, टक्के आणि किंचित बीजगणित, एवढंच. पण ते आकड्यांच्या रूपात समोर येत नाही, वाक्यांच्या रूपात येतं. ‘काल शंभरांतले चार तुकडे वाया गेले, आज सहा, तर वाया जाणं किती टक्क्यांनी वाढलं?’ दोन म्हणणारे पुष्कळ. खरं तर चारावर दोन वाढले, म्हणजे निम्म्यानं वाढलं. पन्नास टक्के. एक सुपरवायझर वर्गात येऊन मोठ्यानं म्हणाला होता, उत्पादन वीस टक्के वाढलं आणि मग वीस टक्के घटलं की झालं पहिल्याइतकं. मी मुलींना फळ्यावर मांडायला लावलं. पाचशेचे सहाशे झाले, सहाशेचे वीस टक्के गेले, उरले चारशे ऐंशी. तो पुन्हा वर्गाकडे फिरकला नाही. अशा विजयांवर मी बरीच वर्षं खूश होते.

मी मुलींना एकच गोष्ट सांगायचे. आकडे नंतर बघा, आधी वाक्य वाचा. प्रत्येक शब्द वाचा. पाठ केलेलं उदाहरण आठवून उत्तर ठोकू नका. हे मी तमिळमध्ये सांगायचे. माझं तमिळ भाजीबाजारात आणि शेजारणींकडून शिकलेलं, पण मला त्याचा अभिमान होता. पुढे अक्षरं गिरवून वाचायला-लिहायलाही शिकले. परीक्षेचा पेपर तमिळमध्ये मी स्वतः काढायचे. कागदावर लिहून सरोजाबाईंकडे द्यायचे, त्या टाइप करून आणायच्या.

सरोजाबाई तंजावरच्या मराठी घरातल्या. तीनशे वर्षांपूर्वी त्यांची माणसं इकडे आली ती इथलीच झाली. त्यांची मराठी ऐकताना मला आधी तमिळ ऐकल्यासारखं वाटायचं आणि मग एकेक शब्द ओळखू यायचा. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या, बोलायला हळू. शेवटच्या तीन वर्षांत संगणकावर तमिळ टाइप करणं सोपं झालं आणि मी त्यांच्याकडे कागद देणं बंद केलं. आता मला मध्ये कुणी कशाला लागतंय, असं मी त्यांना म्हणाल्याचंही आठवतं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि रेकॉर्डच्या खोलीत फायली लावायच्या कामाला लागल्या.

त्या तीन वर्षांतल्या सहाव्या तुकडीत मलर होती.

वंदवासीजवळच्या खेड्यातली. वडील लव्हाळ्यासारख्या गवताच्या चटया विणायचे. बारीक, सावळी, वेणीला न चुकता फूल. वर्गात ती सगळ्यांत मागे पडायची, कारण ती फार सावकाश वाचायची. ओठ हलवत, बोट ठेवत. इतर मुली उत्तर लिहून पेन खाली ठेवायच्या तेव्हा ही दुसऱ्या ओळीवर असायची. बीजगणित सुरू केलं त्या दिवशी तिनं विचारलं होतं, “मिस, हे एक्स कुणाचं नाव?” वर्ग हसला. मी म्हटलं, “ज्याचं नाव आपल्याला अजून कळलेलं नाही, त्याचं.” तिनं मान डोलावली आणि तेवढ्यावर तिला समीकरण कळलं. मी तेव्हाच ओळखलं, ही मंद नाही, ही सावध आहे. मी तिला सांगत राहिले, “अशीच वाच. घाई करू नकोस. शब्दाला धरून राहा.”

परीक्षेत पंचवीस प्रश्न असायचे, प्रत्येकाला चार पर्याय. पंधरा बरोबर आले की पास.

नववा प्रश्न असा होता. यंत्राचे भाग धुवायला एक रसायन पाण्यात मिसळतात. असं वीस लिटर मिश्रण तयार करायचं आहे. मिश्रणाचा चौथा हिस्सा रसायन हवं. तर रसायन किती लिटर? उत्तर पाच. पर्यायांत मी पाच ठेवलं आणि फसवायला म्हणून चारही ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी मलरनं हात वर केला. मी जवळ गेले. तिचं बोट नवव्या प्रश्नावर होतं.

“मिस, हे नालुक्कु ओण्णु म्हणजे...”

“परीक्षेत प्रश्न विचारायचे नाहीत,” मी म्हटलं. “जे लिहिलंय ते वाच आणि सोडव.”

तिनं जे लिहिलं होतं ते वाचलं आणि सोडवलं.

निकाल लागला. तिचे चौदा आले. मला वाईट वाटलं, पण असं वाईट दर तुकडीला सात-आठ मुलींबद्दल वाटायचं. ती निघाली त्या सकाळी ट्रंक घेऊन प्रशिक्षण विभागाच्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “मिस, माझं काय चुकलं ते एकदा बघता येईल का?” उत्तरपत्रिका दाखवायची पद्धत नव्हती. मी तसं सांगितलं. ती “सरि, मिस”, म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि गेली.

साधारण दीड महिन्यानं सरोजाबाई माझ्या टेबलापाशी आल्या. फाइलला लावायचा पेपर त्यांच्या हातात होता.

“बाई, हा नववा. उत्तर चार की नाही?”

“पाच,” मी म्हटलं. “विसाचा चौथा हिस्सा पाच.”

“पण इथं चौथा हिस्सा कुठं लिवलं अहे?”

त्यांनी वाक्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं ‘नालुक्कु ओण्णु’. मला म्हणायचं होतं ‘नालिल ओण्णु’. एका अक्षराचा, फार तर दोन अक्षरांचा फरक. मराठीत सांगायचं तर चारांत एक आणि चाराला एक. चारांत एक म्हणजे चौथा हिस्सा, वीस लिटरला पाच. चाराला एक म्हणजे चार भाग पाण्याला एक भाग रसायन, एकूण भाग पाच झाले, वीस लिटरला चार. जो वाक्य वाचेल त्याचं उत्तर चारच येणार. मी फसवायला ठेवलेला पर्याय हेच बरोबर उत्तर होतं.

मला पहिल्यांदा राग आला, तोही सरोजाबाईंचा. म्हटलं, “इतकी वर्षं तुम्ही टाइप करत होता, तेव्हा अशी चूक कधी झाली नाही.”

त्या म्हणाल्या, “व्हायची, बाई. मी टाइप करताना नीट करून टाकायची. तुमाला कशाला सांगायचं, वाईट वाटेल म्हणून.”

तेरा वर्षं त्या माझं तमिळ गुपचूप दुरुस्त करत होत्या. मला वाटत होतं, मला ते येतं.

त्या दुपारी मी त्या तुकडीच्या उत्तरपत्रिका काढल्या. बेचाळीस मुली. तीस जणींनी पाचवर खूण केली होती. का, तेही लक्षात आलं. परीक्षेच्या आठवडाभर आधी मी वर्गात चौथ्या हिश्श्याचं असंच उदाहरण सोडवून दाखवलं होतं. त्यांनी वाक्य वाचलंच नव्हतं, वीस आणि चार बघून फळ्यावरचं पाच आठवलं होतं. नऊ जणींनी चारवर खूण केली होती. त्यांतल्या आठ जणी त्या एका प्रश्नानं इकडच्या तिकडे होत नव्हत्या. नववी मलर होती. चौदा अधिक एक.

मी प्रशिक्षण विभागाचे प्रमुख रघुरामन यांच्याकडे गेले. शांत माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. त्यांनी पेपर वाचला, दोनदा वाचला.

“बरोबर आहे, मॅडम. चूक आहे.”

“मग तिला बोलवू या.”

“उत्तर चार धरलं तर पाच लिहून काठावर पास झालेल्या मुली नापास होतात. बघा तुम्हीच.”

मी बघितलं होतं. चार मुली. लाइनवर लागून महिना झाला होता.

“दोन्ही उत्तरं बरोबर धरा,” मी म्हटलं.

“गणिताच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं? ऑडिटला काय सांगू? तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “जागा भरल्या. पुढच्या तुकडीत घ्यायचं तर वयाची अट वीस आहे, आणि ही मुलगी गेल्या महिन्यात ती ओलांडून गेली. तुम्ही हे कागदावर देऊ नका. दिलंत तर मला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर नाहीच असणार आहे.”

मी कागदावर दिलं नाही. ह्यावर मी नंतर स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. त्यांतलं एकही इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मला झोप लागेना. रजिस्टरमधून मलरचा नंबर घेतला आणि एका रविवारी तिला फोन करून, कांचीपुरमला बस बदलून तिच्या गावी गेले. घरी सांगितलं, ओळखीच्यांकडे जाऊन येते. बसमध्ये मी तमिळमध्ये वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्याला थांबून विचार करत होते, हा प्रत्यय इथेच लागतो ना?

घर दोन खोल्यांचं. पडवीत माग, मागावर अर्धी चटई. मलरनं मला पाणी दिलं, खुर्ची दिली. मी पेपर काढला आणि सांगितलं, नववं उत्तर तुझं बरोबर होतं, माझं चुकलं.

तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, “मी इथं आल्यावर पुन्हा आठवून सोडवलं, मिस. चारच येत होतं. कितीदा केलं तरी चारच. मग मला वाटलं, मिस चुकणार नाहीत. म्हणजे मलाच नीट वाचता येत नसणार.”

“तुझी मातृभाषा आहे ती, मलर.”

“हो,” ती म्हणाली. “म्हणून जास्त लाज वाटली.”

मी तिला विचारलं, मी काय करू? माझ्याजवळ तिला द्यायला काहीच नव्हतं, तरी विचारलं. ती म्हणाली, “अप्पांना सांगा. मी सांगितलं तर ते म्हणतील, नापास झालेली सगळीच असं म्हणतात.”

तिचे वडील मागाशी बसले होते. सगळं ऐकलं असणार, पण तसं दाखवलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश, एकेक शब्द बघून सांगितलं. तुमची मुलगी नापास झाली नव्हती. प्रश्न मी चुकीचा लिहिला होता. तिनं बरोबर सोडवला.

त्यांनी हातातलं गवत खाली ठेवलं.

“पंचवीस प्रश्न होते ना?”

“हो.”

“हिचे चौदा आले. एक तुमच्यामुळे गेला. बाकी दहा?”

“ते चुकले तिचे.”

“त्यांतले तुमचे किती?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माणूस हिशोबाला चोख होता, जे विचारायला हवं ते त्यांनी विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं. मी ते दहा प्रश्न पाहिलेच नव्हते. एक चूक सापडली आणि ती कबूल करायची एवढ्याच नादात मी इतक्या लांब आले होते. मी म्हटलं, बघून सांगते. मलर मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली.

दुसऱ्या दिवशी मी मलरचा पेपर सरोजाबाईंसमोर ठेवला आणि म्हटलं, आता मला वाईट वाटेल याचा विचार करू नका. त्यांनी चष्मा लावला. सतराव्या प्रश्नावर त्यांचं बोट थांबलं. लक्ष्मीनं शंभर तुकडे केले, देवीनं लक्ष्मीपेक्षा वीस टक्के कमी केले, तर देवीचे किती? माझ्या यादीत उत्तर ऐंशी. पण मी ‘पेक्षा’चा प्रत्यय चुकीच्या नावाला लावला होता. पेपरात लिहिलं होतं, लक्ष्मीनं देवीपेक्षा वीस टक्के कमी केले. म्हणजे देवीचे ऐंशी टक्के म्हणजे शंभर, म्हणून देवीचे सव्वाशे. हे त्या वर्गातल्या मुलींना सुटण्यासारखं नव्हतं, त्यासाठी एक्स मानून समीकरण मांडावं लागतं.

पर्यायांत फसवायला म्हणून सव्वाशेही होतं, मलरनं त्यावर खूण केली होती. बेचाळीस मुलींत एकटीनं.

म्हणजे सोळा. काठावर नव्हे, काठाच्या वर. माझ्या सोळा वर्षांत वाक्य वाचून समीकरण मांडणारी अशी मुलगी मला क्वचित मिळाली, आणि मी तिला नापास करून घरी पाठवलं, कारण मी जे करायला शिकवलं तेच तिनं केलं.

मग आम्ही त्या तीन वर्षांतले सहाही पेपर काढले. सरोजाबाई वाचत गेल्या, मी खुणा करत गेले. अकरा प्रश्न निघाले. काहींत अर्थ उलटा, काहींत दोन अर्थ, एकात अर्थच नाही. त्या प्रश्नांनी कोण कोण घरी गेलं ते शोधायला मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. उत्तरपत्रिका वर्षभर ठेवतात, नंतर यंत्रात घालून त्यांच्या पट्ट्या करतात. मलरची आणि तिच्या आधीची अशा दोनच तुकड्यांच्या शिल्लक होत्या. आधीच्या तुकडीत अशी एक मुलगी सापडली. तिचा नंबर बंद होता. बाकी चार तुकड्यांतल्या किती, हे आता कुणालाही, कधीही सांगता येणार नाही. मी गणिताची शिक्षिका, आणि माझ्या हातून किती जणी गेल्या याची संख्या मला काढता येत नाही.

तेव्हा मात्र मी कागदावर दिलं. चार पानं, अकरा प्रश्न, प्रत्येकाचं मूळ वाक्य आणि चूक. पेपर तमिळ जाणणाऱ्या माणसानं तपासल्याशिवाय देऊ नये, अशी विनंती केली आणि सरोजाबाईंचं नाव सुचवलं. रघुरामन यांनी पत्र वाचलं आणि वर पाठवलं.

दोन महिन्यांनी निर्णय आला. तमिळ पेपर बंद. यापुढे परीक्षा बाहेरची एजन्सी घेईल, संगणकावर, इंग्रजीत. कारण म्हणून खाली लिहिलं होतं की तमिळ पेपरात अर्थाच्या चुका होतात असं संबंधित शिक्षिकेनंच लेखी कळवलं आहे.

पुढच्या तुकडीत एकोणीस मुली नापास झाल्या. मी त्यांना सहा महिने तमिळमध्ये शिकवलं होतं. परीक्षेला बसल्यावर वाक्याचा पहिला शब्दही त्यांना लागत नव्हता. मी ती तुकडी संपवली आणि निवृत्तीला अवकाश असताना राजीनामा दिला. सरोजाबाई त्याआधीच निवृत्त झाल्या होत्या. निघताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “मी गप्प बसली, ते चुकलं.” त्या गप्प बसून दुरुस्त करत होत्या तोवर कुणाचं नुकसान झालं नव्हतं. नुकसान झालं ते मला सगळं येतं असं वाटायला लागल्यावर.

घरी बसल्यावर एक विचार मनात येत राहिला. सरकारी कारकुनाच्या परीक्षेला वयाची अट बरीच सैल असते, पेपर तमिळमध्ये असतो, आणि त्यात हेच गणित असतं. मलर ती सहज काढेल. मी पुस्तकं आणली, फोनवरून रोज तासभर शिकवायचं ठरवलं आणि तिला फोन लावला. ती वंदवासीत एका टेलरकडे ब्लाऊज शिवायला जात होती. मागे मशिनचा आवाज येत होता.

आधी तिच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, दहांतला आणखी एक माझा होता. तुझे सोळा होते. मग परीक्षेचं सांगितलं, तुला बसल्या जागी शिकवते म्हणाले.

मशिनचा आवाज थांबला.

“नको, मिस.”

“का? तुला येतं सगळं. तुझ्याइतकं कुणालाच येत नव्हतं.”

“आता वाचायला घेतलं की पुढे जाताच येत नाही,” ती म्हणाली. “प्रत्येक शब्दापाशी वाटतं, लिहिणाऱ्याला हेच म्हणायचं असेल का? मग पुन्हा पहिल्यापासून वाचते. दुकानात मापाच्या वहीत आकडे असतात, वाक्यं नसतात. तेच बरं आहे.” मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, तिनं विचारलं, “तुम्ही बऱ्या आहात ना, मिस?”

मी हो म्हटलं. तिकडे मशिन पुन्हा सुरू झालं, तरी आम्ही दोघींनी थोडा वेळ फोन तसाच कानाला धरून ठेवला.